चुन्याने पाय सरळ होत नाहीत

इमूचे पिल्लू लंगडू लागले, एक पाय बाहेर फाकला किंवा नडगी वाकडी दिसू लागली, की सल्ला ठरलेला असतो: हाडे कच्ची राहिली, कॅल्शियम कमी पडले, चुना द्या. खाद्याच्या दुकानात हाच सल्ला मिळतो, शेजारचा कोंबडीपालक हाच देतो आणि पाळणाऱ्यालाही तो लगेच पटतो. हाड कॅल्शियमचे, चुनाही कॅल्शियमचा. तेव्हा हाड वाकले याचा अर्थ चुना कमी पडला, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पिल्लू आयुष्यभराच्या लंगडेपणाने किंवा जिवानिशी मोजते. बंदिस्त वाढवलेल्या इमूच्या पिल्लांचे पाय बिघडतात ते बहुतेक वेळा खनिजांचा तोल सुटल्याने, ऊन आणि चालणे तुटल्याने आणि वजन पायांच्या पुढे धावल्याने. अशा पिल्लाला वरून चुना घातला की सुटलेला तोल आणखी सुटतो. कित्येकदा तर आधीच घातलेला जादा चुना हेच आजाराचे एक कारण असते. हे म्हणणे पुराव्यानिशी मांडता येते, आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तरेही देता येतात.

हा सल्ला आपल्याकडे इतका रुजला याला इथली जमीनही कारण आहे. कळंब तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो माणसे रानात उतरतात आणि काळ्या मातीतून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या या पट्ट्यात चुना विकत आणावा लागत नाही. नांगराच्या तासात तो आपोआप वर येतो. ती परंपरा श्रद्धेची आहे आणि तिच्याबद्दल इथे काहीच म्हणायचे नाही. ज्या मुलखात चुना पायाखाली सापडतो, तिथे तो औषध म्हणून हाताशी येणे स्वाभाविक आहे, एवढेच सांगायचे आहे. पण याच मुलखातल्या शेतकऱ्याला चुन्याची दुसरी बाजूही पक्की ठाऊक आहे. चुनखडीच्या रानात पीक पिवळे पडते, सोयाबीनची कोवळी पाने शिरा सोडून फिकट होतात, स्फुरदाचे खत टाकले तरी मुळांना पुरेसे लागत नाही. लोह, जस्त आणि मँगॅनीज त्या मातीत असतात. चुन्याच्या जोरामुळे ते पिकाला मिळेनासे होतात. अशा रानात आणखी चुना टाका, असा सल्ला कुणी दिला तर शेतकरी त्याला बांधावरूनच परत पाठवील. पिल्लाच्या आतड्यातली रसायनक्रिया मातीसारखी हुबेहूब नसते, तरी तिचा नियम पुष्कळसा तोच आहे: एक खनिज अति झाले की ते दुसऱ्याची वाट अडवते.

आधी पाय नीट पाहू. अंड्यातून निघालेले इमूचे पिल्लू साधारण चारशे ते साडेचारशे ग्रॅमचे असते. चांगले वाढले तर वर्षभरात ते पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते. उडण्याचे पंख नावापुरते असल्याने हा सगळा भार दोन पायांवर येतो, आणि ते पायही असे की लांबीत भराभर वाढतात. आपल्याला जो त्याचा उलटा वळणारा गुडघा वाटतो तो खरे म्हणजे घोट्याचा सांधा आहे. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. या दोन सांध्यांमधली लांब नडगी हीच सर्वांत जास्त दगा देणारी जागा. हाडाच्या टोकांशी कूर्चेची एक वाढती पट्टी असते. आधी मऊ कूर्चा तयार होते, मग तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस एकत्र बसतात आणि ती टणक होते. म्हणजे कामे दोन आहेत: चौकट बांधणे आणि ती भरणे. चौकट बांधायला प्रथिने, मँगॅनीज, जस्त, तांबे आणि कोलीन लागतात. ती भरायला कॅल्शियम, फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व लागते. चुना यांपैकी फक्त एका वस्तूचा पुरवठा करतो. बाकी काही कमी असेल तर तो निरुपयोगी ठरतो, आणि बाकीच्यांचे शोषण अडवू लागला तर अपायकारक.

फॉस्फरसचा हिशेब सर्वांत आधी मांडायला हवा. हाडातल्या क्षारात वजनाने साधारण दोन भाग कॅल्शियम आणि एक भाग फॉस्फरस असतो. म्हणूनच इमूच्या लहान पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम दीड टक्क्याच्या आणि एकूण फॉस्फरस पाऊण टक्क्याच्या आसपास ठेवण्याची शिफारस असते. आता असे दहा किलो खाद्य घ्या. त्यात १५० ग्रॅम कॅल्शियम आणि ७५ ग्रॅम फॉस्फरस आहे. पाळणाऱ्याने पाय बळकट व्हावेत म्हणून त्यात २०० ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळली. या भुकटीत साधारण ३८ टक्के कॅल्शियम असते, म्हणजे ७६ ग्रॅमची भर पडली. फॉस्फरस मात्र होता तेवढाच राहिला, कारण चुन्यात फॉस्फरस नसतोच. दोनास एक हे प्रमाण एका झटक्यात तिनास एक झाले. शिवाय मका, सोयाबीन पेंड, कोंडा यांतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि पक्ष्याला तो नीट सोडवून घेता येत नाही. जो थोडा मोकळा असतो त्यालाही जादा कॅल्शियम आतड्यात धरून ठेवते आणि विष्ठेवाटे बाहेर काढते. परिणाम असा की कॅल्शियम मुबलक असूनही हाड भरत नाही आणि मुडदूस होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते मऊ हाड. तो म्हणतो, अजून चुना कमीच पडतोय. असे हे चक्र फिरत राहते.

यापेक्षा ठळक पुरावा मँगॅनीजचा आहे, आणि तो नव्वद वर्षांपूर्वीपासून उपलब्ध आहे. कोंबडीच्या पिल्लांत घोटा सुजून पाय एकाएकी बाजूला वळण्याचा आजार पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकाच्या सुरुवातीला फार वाढला होता. तेव्हाही समजूत हीच होती की हाडाला खनिज कमी पडते, म्हणून हाडांचा चुरा आणि कॅल्शियम वाढवा. वाढवल्यावर आजार कमी झाला नाही, उलट बळावला. १९३६-३७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी दाखवून दिले की खरी उणीव मँगॅनीजची होती, आणि खाद्यातले जादा कॅल्शियम-फॉस्फेट तेच मँगॅनीज आतड्यात धरून ठेवत होते. पुढे १९४० मध्ये टर्कीवरच्या प्रयोगांत ज्यूक्स यांनी कोलीनच्या उणिवेनेही असाच आजार होतो हे दाखवले. या आजारातले हाड कापून पाहिले तर ते मऊ नसते. त्यात क्षार पुरेसे भरलेले असतात, पण ते आखूड, जाड आणि टोकाशी चपटे झालेले असते. पोटरीकडून खाली उतरणारी जाड शीर घोट्याच्या मागच्या खाचेतून जाते. खाच उथळ राहिली की एक दिवस ती शीर घसरून बाजूला पडते आणि खालचा पाय तिच्याबरोबर ओढला जातो. पिल्लू घोट्यावर बसते आणि पुन्हा उभे राहत नाही. या पिल्लाला कॅल्शियम कमी नव्हते. भरणे झाले होते. चौकटच वेडीवाकडी बांधली गेली होती, आणि ती तशी बांधली जाण्यात जादा चुन्याचा हात असू शकतो.

ऊन हा पुढचा मुद्दा. आतड्यातून कॅल्शियम उचलण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि पक्ष्यांना त्याचा ड-३ हाच प्रकार खरा उपयोगी पडतो. १९२० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, स्टीनबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात कोंडून वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांचा पायाचा दुबळेपणा अभ्यासला. खाद्यात खनिज असूनही पिल्ले बसत होती. ती उठली ती सूर्यप्रकाशाने आणि अतिनील किरणांनी. मराठवाड्यात उन्हाची काय कमतरता, असे कुणी म्हणेल. पण प्रश्न पिल्लावर पडणाऱ्या उन्हाचा आहे. ब्रूडरच्या दिव्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, पडदे सोडून वाढवलेल्या पिल्लाला त्याचा स्पर्श होत नाही. काचेच्या खिडकीतून आत आलेले ऊन अंग तापवते, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. बाहेर रणरणते ऊन असताना आत मुडदूस होतो तो असा. त्यावर चुना टाकणे व्यर्थ आहे, कारण आतड्यात आलेला चुना शरीरात घेण्याची सोयच तिथे नाही.

आणि चालणे. रानातल्या इमूची अंडी नर उबवतो, जवळजवळ आठ आठवडे क्वचितच काही खातो, आणि पिल्ले निघाल्यावर पुढचे कित्येक महिने तोच त्यांना घेऊन फिरतो. ती पिल्ले पहिल्या काही दिवसांतच बापामागे चालू लागतात, किडे टिपतात, कोवळे कोंब खातात, खडबडीत जमिनीवर पाय रोवतात. हाड भाराला प्रतिसाद देते: चालण्याचा ताण ज्या दिशेने येतो त्या दिशेने ते मजबूत होते आणि स्नायू सांध्याला दोन्ही बाजूंनी सारखे धरून ठेवतात. बंदिस्त पिल्लाच्या वाट्याला सुरुवातीला चार चौरस फुटांची जागा येते. पुढे त्याला धावायला लांब पट्टी दिली नाही, तर ते खाद्याच्या भांड्यापासून दिव्यापर्यंत आणि दिव्यापासून भांड्यापर्यंत एवढेच चालते. त्यातच ब्रॉयलरचे खाद्य दिले तर वजन आणखी वेगाने चढते, कारण त्या खाद्यात किलोमागे तीन हजार किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा असते आणि इमूच्या पिल्लाला सत्तावीसशेच्या आसपास पुरते. जड धड आणि न चाललेले पाय अशी जोडी जमली की नडगी खालच्या टोकाशी हळूहळू बाहेर फिरू लागते. पायाचा पंजा समोर न राहता बाजूला वळतो. हे फिरणे पक्ष्याच्या पहिल्या काही महिन्यांत दिसते आणि एकदा पुरते फिरले की परतत नाही. गुळगुळीत फरशी किंवा वर्तमानपत्राचे कागद अंथरलेली जमीन हा तर पहिल्या आठवड्यातला शत्रू. पाय घसरून दोहोंकडे फाकतात आणि कोवळे सांधे तसेच बसतात. उबवणीयंत्रात दमटपणा जास्त राहिला तर पिल्लू सुजलेले, जड आणि पायात कमजोर निघते. कोंबडीच्या अंड्यांना मानवणारा दमटपणा इमूच्या अंड्याला जास्त होतो. यांतल्या एकाही कारणावर चुना हा उतारा नाही.

पहिला आक्षेप अनुभवाचा येतो: चुना दिला आणि पिल्लू उठले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. असे घडते, आणि ते का घडते हेही सांगता येते. नुसत्या मक्यावर किंवा ज्वारीच्या भरड्यावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम खरोखरच कमी पडते. मक्यात ते अवघे ०.०२ टक्के असते. अशा पिल्लाला चुनखडीने थोडा आराम पडेल. पण त्यालाही फॉस्फरस हवाच असतो, म्हणून त्याच्यासाठी डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, जास्त योग्य. त्यात साधारण २३ टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के फॉस्फरस असतो. शिवाय आजारी पिल्लाला माणूस सहसा शेडबाहेर काढतो, उन्हात सोडतो, त्याच्याकडे लक्ष देतो, गर्दीतून वेगळे करतो. गुण आला तर तो चुन्याच्या नावावर जमा होतो, ऊन आणि मोकळी जागा हिशेबातून गळतात. आणि जी पिल्ले चुना देऊनही बसली ती मरतात किंवा विकली जातात. त्यांची गोष्ट पुढे सांगायला कुणी थांबत नाही. उठलेल्यांची साक्ष तेवढी उरते. एवढ्या अर्धवट साक्षीवर सगळ्या कळपाचे खाद्य बदलणे रास्त नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो की जादा कॅल्शियम विष्ठेतून निघून जाते, मग थोडे जास्त दिले तर बिघडले काय? ते निघून जाताना एकटे जात नाही. फॉस्फरस, मँगॅनीज आणि जस्त यांना सोबत घेऊन जाते, हे वर आलेच आहे. जे रक्तात उतरते ते मूत्रपिंडांवर येते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, कारण ते कवचात खर्ची पडते. तेच लेअरचे खाद्य वाढत्या पिल्लाला दिले तर त्याची मूत्रपिंडे बिघडतात, आणि शवविच्छेदनात हृदयावर व यकृतावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसतो. इमूसाठी वेगळे खाद्य मिळत नाही म्हणून लेअर मॅश वापरणे त्यामुळेच घातक आहे. कोणता चुना देतो याचेही भान हवे. रानातली चुनखडी किंवा शिंपल्याची ग्रिट निदान सौम्य असते. विरवलेला, पानाला लावण्याचा चुना अतिशय दाहक अल्क असतो आणि पिल्लाच्या चोचीत, घशात तो भाजतो. कळीच्या चुन्याचे तर नावच काढू नये. बोअरचे जड पाणी आणि भरपूर लसूणघास हेही कॅल्शियम पुरवतातच; वाळलेल्या लसूणघासात कॅल्शियम सव्वा-दीड टक्का आणि फॉस्फरस जेमतेम पाव टक्का असतो. ज्याच्याकडे लसूणघासाचा वाफा आहे त्याने वरून चुना घालणे म्हणजे एकाच पारड्यात दोनदा वजन टाकणे.

तिसरा आक्षेप रानाचा दाखला देतो: ऑस्ट्रेलियाच्या माळावर कुणी खनिज मिश्रण ठेवत नाही, तरी पिल्ले धडधाकट वाढतात. खरे आहे. पण त्या पिल्लांना किडे मिळतात, म्हणजे प्रथिने आणि सहज पचणारा फॉस्फरस मिळतो. दिवसभर ऊन मिळते. खाणे शोधत फिरावे लागते, म्हणून वाढ बेताबेताने होते. आणि जी दुबळी निघतात ती टिकत नाहीत, त्यामुळे मोठ्या झालेल्या कळपात लंगडे पक्षी क्वचितच दिसतात. हा दाखला चुन्याच्या बाजूने तर बोलतच नाही. तो सांगतो की कुंपण घातल्यावर या सगळ्या गोष्टी पुरवण्याची जबाबदारी कुंपण घालणाऱ्यावर येते.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे: आम्ही पिशवीतले तयार खाद्य देतो, त्यात सगळे असते, तरीही पाय वाकतात. इथे एक गोष्ट तपासायला हवी. पिशवीतले खाद्य महाग पडते म्हणून पुष्कळजण त्यात निम्मा मक्याचा भरडा मिसळतात. समजा मूळ खाद्यात कॅल्शियम दीड टक्का, प्रथिने वीस टक्के आणि मँगॅनीज किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. मक्यात प्रथिने साडेआठ टक्क्यांच्या आणि मँगॅनीज सात मिलिग्रॅमच्या आसपास असते. निम्मे-निम्मे केल्यावर कॅल्शियम पाऊण टक्क्यावर, प्रथिने चौदा टक्क्यांवर आणि मँगॅनीज तेहतीस-चौतीस मिलिग्रॅमवर येते. आता पाळणारा चुना टाकून कॅल्शियमचा आकडा परत दीडवर नेतो आणि निश्चिंत होतो. प्रथिने, मँगॅनीज, कोलीन, जीवनसत्त्वे कमीच राहिली, आणि उरलेल्या मँगॅनीजमधूनही चुना आपला वाटा उचलतो. आजार लपवण्याची आणि वाढवण्याची याहून नेमकी पद्धत नाही. भरडा मिसळायचाच असेल तर खनिज मिश्रण, जीवनसत्त्वे आणि पेंड यांचे प्रमाण नव्याने बांधावे लागते. त्यात गव्हाचा कोंडा घेतला तर तो मँगॅनीजने समृद्ध असतो. पिशवी जुनी असेल, शेडच्या उष्णतेत महिनोन्महिने पडलेली असेल, तर तिच्यातली जीवनसत्त्वेही कमी झालेली असतात.

पाचवा आक्षेप अभ्यासकांचा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: हे सगळे पुरावे कोंबडीचे आणि टर्कीचे, इमू वेगळा पक्षी आहे. तो वेगळा आहेच. त्याचे पचन वेगळे आहे, तंतुमय चारा तो कोंबडीपेक्षा जास्त पचवतो, आणि म्हणूनच कोंबडीचा तक्ता त्याला जसाच्या तसा लावू नये. पण कूर्चेतली साखर-प्रथिनांची जोडणी करणाऱ्या विकरांना मँगॅनीज लागते हे सगळ्याच पक्ष्यांत सारखे आहे. हाडाच्या क्षारात कॅल्शियमसोबत फॉस्फरस असतो हेही सारखे. जिथे इमू वेगळा पडतो तिथे धोका वाढतोच: पाय अधिक लांब, वाढीचा काळ अधिक लांब, आणि उडून भार हलका करण्याची सोय नाही. त्यामुळे कोंबडीत जी चूक काही टक्के पिल्ले बसवते ती इमूत हलकी पडेल असे मानायला काहीच आधार नाही. तोल दोन्हीकडून सुटतो हेही इथेच नमूद करायला हवे. फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम अपुरे असे उलटे केले तरी ब्रॉयलरच्या नडगीतली कूर्चा हाड न होता तशीच साचून राहते. तेव्हा चुन्याऐवजी डीसीपीची मूठ, असा नवा आंधळा सल्लाही नको. मोजून द्यावे, मुठीने देऊ नये.

शेवटचा आक्षेप असा की इमूचा धंदाच बुडाला. आता याची चर्चा कशाला? धंदा बुडाला हे खरे. आंध्र, तामिळनाडू आणि महाराष्ट्रात पिल्ले विकणाऱ्या योजनांनी शेतकऱ्यांना ओढले आणि २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सचा डोलारा कोसळल्यावर मांस, तेल आणि कातड्याचा बाजार किती पोकळ होता ते सर्वांना कळले. पण बाजार बुडाला म्हणून पक्षी नाहीसे झाले नाहीत. कृषी पर्यटनाच्या ठिकाणी, हौशी पाळणाऱ्यांकडे इमू अजूनही वाढतात. आणि हीच चूक टर्कीच्या आणि गावरान कोंबड्यांच्या पिल्लांनाही भोवते. जो प्राणी स्वतःहून आपल्याकडे आलेला नाही, ज्याला आपण नफ्यासाठी किंवा शोभेसाठी आणले, त्याच्या पायांचा विचार धंद्याच्या तेजीमंदीवर ठरत नाही. उलट उत्पन्न थांबले की खाद्यावरची काटकसर वाढते, भरडा वाढतो, आणि स्वस्त म्हणून चुना पुढे येतो. आज या विषयाची गरज तेजीच्या काळापेक्षा कमी नाही.

मग करावे काय? पहिले आठ आठवडे हातचे जाऊ देऊ नयेत, कारण पाय तेव्हाच घडतात किंवा बिघडतात. भाताच्या तुसावर गोणपाट ताणून अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि पिल्लू तूस खात नाही. थंडी-वारा नसेल तेव्हा पहिल्या काही दिवसांपासूनच थेट उन्हात सोडावे आणि रोज चालायला लावावे. भांडे आणि पाणी मुद्दाम दूर ठेवले तरी अंतर पडते. खाद्य पिल्लांच्या प्रमाणाचेच असावे, लेअरचे नसावे, ब्रॉयलरचे नसावे, आणि त्यात भरडा मिसळून ते पातळ करू नये. आठवड्यातून एकदा प्रत्येक पिल्लाला समोरून चालताना पाहावे: पंजे समोर आहेत का, घोटे एकमेकांकडे झुकतात का. मग हात लावावा. हाड लवचीक लागले, चोच मऊ वाटली तर मुडदुसाचा संशय घ्यावा. हाड टणक पण घोटा जाड आणि चपटा असेल तर मँगॅनीज-कोलीनकडे पाहावे. पंजा बाहेर फिरत असेल आणि हाड पक्के असेल तर वजनाचा वेग आणि चालणे तपासावे. पहिल्या दोन-चार दिवसांत फाकलेले पाय मऊ पट्टीने सैल जोडून ठेवले तर बहुधा सावरतात. निसटलेली शीर आणि पुरती फिरलेली नडगी मात्र खपच्या बांधून सुधारत नाही. त्या पक्ष्याला आठवडेच्या आठवडे घोट्यावर सरपटत ठेवणे ही दया नाही, आणि तो निर्णय पशुवैद्याबरोबर बसून वेळेत घ्यावा. कळपात दुसरे पिल्लू लंगडले की मेलेल्या पिल्लाचे शवविच्छेदन करून घ्यावे आणि खाद्याचा नमुना तपासायला द्यावा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, येरमाळ्याहून ती काही परमुलखात नाहीत.

चुन्याचा सल्ला टिकून राहिला तो स्वस्त आहे म्हणून आणि देणाऱ्याला काहीतरी केल्याचे समाधान मिळते म्हणून. पण पायाचा आजार एका वस्तूच्या उणिवेचा आहे असे मानले की बाकीची सगळी कारणे तपासण्यातून सुटतात: कोंदट शेड, गुळगुळीत जमीन, पातळ केलेले खाद्य, अपुरी जागा. ही कारणे पाळणाऱ्याच्या हातातली आहेत, आणि म्हणूनच त्यांची जबाबदारीही त्याचीच आहे. पशुसंवर्धन खात्याने, खाद्य विकणाऱ्यांनी आणि पिल्ले विकणाऱ्यांनी लंगड्या पिल्लासाठी चुना सुचवणे बंद करावे; खाद्य काय दिले, ऊन किती मिळाले, चालायला जागा किती आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. ज्याला या तीन प्रश्नांची नीट उत्तरे देता येत नाहीत, त्याने उडता न येणारा आणि पायांवरच जगणारा पक्षी पाळायला घेऊ नये.